पिवळं पडायचं नाही

१५ जून, रविवार. सकाळ.
आजपासून रोजनिशी. ही कोणी वाचायची नाही. तरी अक्षर नीट काढतो आहे, कारण उद्या कोणी माझं चरित्र लिहायला घेतलंच तर त्या माणसाचे हाल नकोत.
परिस्थितीचा आढावा. मी संघपाल पडघान, रिसोडला कॉलेजात फिजिक्स शिकवतो. पीएच.डी.चं सातवं वर्ष. विषय: पेरोव्हस्काइट सोलर सेलची एफिशियन्सी आणि स्टॅबिलिटी वाढवणे. म्हणजे काचेवर एक काळा थर चढवायचा. त्यावर ऊन पडलं की वीज. छतावरच्या निळ्या पॅनेलपेक्षा स्वस्त आणि पातळ. खोड एकच. ओलावा लागला की तो काळा थर पिवळा पडतो, आणि पिवळा पडला की मेला.
सात वर्षांत माझे सगळे सेल पिवळे पडले. यात माझा दोष नाही. हवेचा आहे.
काल अमरावतीहून गाइड मॅडमचा फोन. ऑक्टोबरमध्ये शेवटचा सेमिनार. त्यात दाखवण्यासारखं काही नसेल तर रजिस्ट्रेशन रद्द. मी म्हणालो, मॅडम, फक्त दोन महिने द्या. त्या म्हणाल्या, हे तुम्ही मागेही म्हणाला होतात. मी म्हणालो, तेव्हा तो ढोबळ अंदाज होता.
संकल्प: पहाटे पाचला उठणे. रोज एक सेल. चॅप्टर तीन महिनाअखेर. सकाळचं दूध मी तापवणार, म्हणजे साक्षीला तक्रारीला जागा नाही.

१६ जून, सोमवार.
उठलो ७.२०. शरीराला पहाटेची सवय हळूहळू लावावी लागते, एकदम लावली तर बिघडतं.
साक्षी पाचच्या गाडीवर गेली होती. साक्षी म्हणजे माझी बायको, रिसोड डेपोत कंडक्टर. दुधाचं पातेलं ओट्यावर ठेवून गेलेली. गॅस लावला, शेजारी उभा राहिलो. उभ्या उभ्या चॅप्टर तीनचं पहिलं वाक्य सुचलं. फार चांगलं वाक्य होतं. दूध उतू गेलं.
ओटा पुसता पुसता वाक्य विसरलो.

२४ जून, मंगळवार.
लॅब सज्ज. आम्ही धनराजशेठच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. खाली त्यांचं सोयाबीन खरेदीचं दुकान आणि गोदाम. मागची खोली मी लॅबसाठी घेतली आहे. गोदामाच्या वर असल्याने रिसोडमधली सगळ्यात कोरडी खोली हीच, असं माझं मत आहे. धनराजशेठचंही आहे, भाडं सांगताना त्यांनी तसं सांगितलं होतं.
परदेशात हे काम बंद पेटीत करतात, तिच्यात हात घालायला मोजे बसवलेले असतात. तशी पेटी घेणं कॉलेजला झेपणारं नाही. मी मोईनकडून फिश टँक आणला. मोईन केमिस्ट्री शिकवतो, त्याच्या घरचे मासे मेले होते. टँक आडवा केला, तोंडाला प्लायवूड लावलं, त्याला दोन भोकं, भोकांना भांडी घासायचे रबरी हातमोजे. दिसायला साधं आहे. पण पहिलं विमानसुद्धा दिसायला साधंच असेल.
थरात शिसं असतं म्हणून साक्षीने खोलीच्या उंबऱ्यावर खडूने रेघ ओढली. त्या खोलीतलं काही रेघेच्या अलीकडे यायचं नाही. माझ्यासकट, हात धुतल्याशिवाय.

३ जुलै, गुरुवार.
सेल तयार. सुंदर काळा. मोईनला बोलावलं. तो जिना चढेपर्यंत काळा होता. चहा होईपर्यंत तपकिरी झाला. बिस्किट बुडवेपर्यंत पिवळा.
मोईन म्हणाला, हळद लागल्यासारखा दिसून राह्यला. मी त्याला समजावलं की हा फक्त पृष्ठभागाचा रंग आहे, आतून सेल काळाच असणार. आतून पाहण्याची सोय नाही, त्यामुळे यावर वाद होऊ शकत नाही.

१० जुलै, गुरुवार. आषाढी पौर्णिमा.
वर्षावास सुरू, म्हणजे पावसाळ्यातले व्रताचे तीन महिने. साक्षी संध्याकाळी विहारात गेली, मीही गेलो. तिने तीन महिने रोज वंदनेला जायचं ठरवलं. मी तीन महिने खोटं न बोलण्याचं ठरवलं. याचा रिसर्चवर काही परिणाम होईल असं वाटत नाही.

१९ जुलै, शनिवार.
मोठी कल्पना. इतके दिवस एफिशियन्सी, म्हणजे उजेडातला किती हिस्सा वीज होतो ते, आठ टक्क्यांच्या वर जात नाही, याचं कारण सेल नव्हेच. मोजणी आहे. सेलच्या किती भागावर उजेड पडतो तेच मला नक्की माहीत नव्हतं. त्यासाठी सेलवर मास्क लावतात, म्हणजे झाकण, आणि त्याला नेमक्या मापाचं भोक. तेवढ्याच भोकातून उजेड आत जातो, आणि हिशेब तेवढ्याच भोकाचा करायचा.
नेमकं भोक पाडायचं कशाने? उत्तर घरात होतं. साक्षीचा जुना तिकीट पंच. आता तिकिटं मशीनमधून निघतात, पण मशीन रुसलं तर म्हणून तिने पंच आणि जुन्या कागदी तिकिटांची एक चळत ट्रंकेत ठेवली आहे. एक तिकीट घेतलं, पंच केलं, सेलवर चिकटवलं. भोक इतकं गोल की पाहत राहावं.
लग्नाच्या मांडवातला फोकस आणला आहे. उद्या मोजणार.

२० जुलै, रविवार. दुपार.
सत्तावीस टक्के.
पुन्हा मोजलं. सत्तावीस.
जगातल्या मोठमोठ्या लॅब याच्या आसपास येऊन थांबल्या आहेत. त्यांच्याकडे पंच नव्हता.
मी तिसऱ्यांदा मोजत होतो म्हणून दूध साक्षीने तापवलं.

२१ जुलै, सोमवार.
मोईनला सांगितलं. आनंद झाला असणार, पण दाखवला नाही. सेल हातात घेतला, तिकीट पाहिलं आणि म्हणाला, “सर, कागद हाय हा. कागदातून उजेड जाते. भोकाचा हिशेब करून राह्यले अन् उजेड पुऱ्या सेलवर पडून राह्यला.”
मी म्हणालो, तो साधा कागद नव्हे, तिकीट आहे. त्यावर छपाई आहे. त्याने तिकीट खिडकीकडे धरलं आणि परत माझ्या हातात दिलं. केमिस्ट्रीवाल्यांना ऑप्टिक्स कळत नाही, याचं मला वाईट वाटतं.
गाइड मॅडमला मेसेज: २७%. त्यांनी उत्तरादाखल एक प्रश्नचिन्ह पाठवलं. उत्सुकता दिसते.

२ ऑगस्ट, शनिवार.
साक्षीच्या प्रमोशनची ऑर्डर आली. वाहतूक नियंत्रक, वाशिम स्टँड. खिडकीत बसायचं, गाड्यांच्या वेळा पाहायच्या, माइकवरून पुकारायचं. होकार किंवा नकार महिनाअखेरपर्यंत लेखी.
ती खूश होती. टाचा दुखतात तिच्या, दिवसभर गाडीत उभं राहून. म्हणाली, वाशिमला खोली घेऊ, तुम्ही रोज रिसोडला कॉलेजात या, लोक वाशिमहून रोज ये-जा करतातच की. मी शांतपणे सांगितलं की मी रोज येऊ शकतो, पण सेल येऊ शकत नाही. त्याला प्रवास सोसत नाही. शिवाय रिसोडमधली सगळ्यात कोरडी खोली सोडून शोध मध्येच टाकायचा? दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. पुढच्या वर्षी पुन्हा प्रमोशन येईलच.
ती म्हणाली, दोन महिने तं तुमी लग्नाच्या टायमालेही म्हणत होते. मग ताट उचलून आत गेली.
थोडं वाईट वाटलं. पण शास्त्राला कुटुंबाची साथ लागतेच, आणि साक्षी समजूतदार आहे.

९ ऑगस्ट, शनिवार.
आता स्टॅबिलिटी. सत्तावीस टक्क्यांचा सेल चहा होईपर्यंत पिवळा पडत असेल तर लोक हसतील. दमट हवेत सेल टिकतो हे दाखवायला हवं. त्यासाठी हवेतला ओलावा मोजायला हवा. कॉलेजचं यंत्र मी नोकरीला लागलो तेव्हापासून चाळीसवर अडकलेलं आहे. उन्हाळ्यातही चाळीस, पावसातही चाळीस. स्टॅबिलिटी म्हणाल तर ती त्याच्यात आहे.
खाली धनराजशेठच्या दुकानात गेलो. एक शेतकरी पोतं घेऊन आला होता. शेठजींनी मूठभर दाणे ओलावा मोजायच्या मीटरच्या वाटीत टाकले, आकडा पाहिला, म्हणाले, चवदा. ओलावा जास्त की भाव कमी, म्हणून शेतकऱ्याने कपाळाला हात लावला. मला एकदम सुचलं.
सोयाबीन आणि हवा एका डब्यात बंद ठेवली की काही दिवसांत दोघांचा ओलावा जुळतो. कृषीच्या पुस्तकात तक्ता आहे: दाण्यात इतका ओलावा असेल तर डब्यातल्या हवेत इतका. दाण्यात चौदा म्हणजे हवेत जवळजवळ ऐंशी टक्के! डबा, खाली सोयाबीन, वर जाळीवर सेल. दमट हवेची पेटी तयार. हे जगात कुठल्याच लॅबमध्ये केलेलं नसावं. सोयाबीन रिसोडमध्येच आहे.

१० ऑगस्ट, रविवार.
शेठजींनी गोदामातलं मागच्या वर्षीचं सोयाबीन दिलं. मीटर लावलं. चौदा. डब्यात भरलं, नवा सेल तिकिटासकट ठेवला, झाकण लावलं. साक्षीने बजावलं की या डब्यातला एकही दाणा परत पोत्यात जायचा नाही. मी म्हणालो, हे दाणे तर म्युझियमला जातील.

१८ ऑगस्ट, सोमवार.
सेल काळा!!

२१ ऑगस्ट, गुरुवार.
अजून काळा. दाण्यांचा ओलावा पुन्हा पाहिला, धनराजशेठ म्हणाले, चौदा. ऐंशी टक्के ओलाव्यात अकरा दिवस. हा सेल नाही, ही म्हैस आहे.
साक्षी म्हणाली, शिरपूरच्या गाडीत लोक शेठजींच्या मीटरला शिव्या देत असतात. मी म्हणालो, शेतकरी मोजणाऱ्याला शिव्या देतातच, विद्यार्थी परीक्षकाला देतात तशा. ती टाचांना तेल लावायला बसली.

३० ऑगस्ट, शनिवार.
साक्षीने डेपोत पत्र दिलं. सकाळी सांगून गेली, आज पत्र देऊन राह्यली म्हणून.  माझ्यासाठी एवढा त्याग. प्रबंधात आभाराच्या पानावर तिचं नाव गाइड मॅडमच्या आधी घालणार. पक्कं.
आज दूध उतू गेलं नाही, कारण मी तापवायला विसरलो. नासलं.

१४ सप्टेंबर, रविवार.
सेल काळा. चॅप्टर तीनचं शीर्षक टाइप केलं, फॉन्ट दोनदा बदलला.
साक्षी भाकरी थापताना मोठ्याने म्हणत होती, “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. मंगरूळपीर, कारंजामार्गे अमरावतीकडे जाणारी गाडी...” नोकरी अंगात भिनते ती अशी. मी तिला म्हणालो, तुझा आवाज चांगला आहे. ती म्हणाली, मालूम हाय मले.

२८ सप्टेंबर, रविवार.
सेमिनारची तारीख पक्की: सोळा ऑक्टोबर, अमरावती. बाहेरून एक मोठ्या बाई येणार आहेत, त्या सोलर सेलच्या तज्ज्ञ. छान. समजणारं माणूस हवंच.
जेवताना साक्षी काहीतरी सांगत होती, पुढच्या सोमवारपासून जॉइन वगैरे, वाशिम. माझं डोकं आलेखात होतं. मी “बरं” म्हणालो.

६ ऑक्टोबर, सोमवार.
साक्षी आज नवी साडी नेसून गेली, खाकी नाही. विहारात काही कार्यक्रम असावा. रात्री उशिरा आली, टाचांना तेल लावलं नाही. इतक्या दिवसांच्या तेलाचा गुण आलेला दिसतो.
खाली नवीन सोयाबीन येऊ लागलं. गोदामासमोर ट्रॅक्टरची रांग. धनराजशेठना वेळ नाही, तरी माझे दाणे पाहिले. चौदा. त्यांना म्हणालो, शेठजी, तुमच्यामुळे रिसोडचं नाव होणार. ते म्हणाले, नाव नको, भाड्याचं पाह्यजा.

१५ ऑक्टोबर, बुधवार.
बॅग भरली. सेलचा डबा मांडीवर ठेवून नेणार. शर्टाला इस्त्री. साक्षीला विचारलं, उद्या तुझी गाडी कुठली, जाताना भेटशील का? ती म्हणाली, येताना वाशिमले उतरता ना, मंग भेटन मी. मी मनात भाषण तयार केलं. सुरुवात: “सत्तावीस टक्के ही माझ्या मते सुरुवात आहे.”

१६ ऑक्टोबर, गुरुवार. परतीच्या गाडीत.
जसं घडलं तसं लिहितो.
भाषण चांगलं झालं. सत्तावीस म्हणालो तेव्हा सगळ्यांनी वहीतून मान वर केली. बाहेरून आलेल्या बाईंनी सेल मागितला, त्यावरचं तिकीट सोडवलं आणि ट्यूबलाइटकडे धरलं. मला त्यांचा चेहरा तिकिटाआडून दिसत होता. चष्म्याचा रंगसुद्धा दिसत होता. तेव्हाच मला मोईन आठवला.
त्यांनी स्वतःचा धातूचा मास्क लावून सेल तिथल्या दिव्याखाली ठेवला. सहा टक्के. म्हणजे सहा आणि वर थोडं.
मग विचारलं, ऐंशी टक्के ओलावा कशाने मोजला? मी तक्ता दाखवला, सोयाबीन दाखवलं, धनराजशेठचं नाव सांगितलं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी आपलं ओलावा मोजायचं मापक डब्यात ठेवून झाकण लावलं, आणि आम्ही सगळे त्या डब्याकडे पाहत बसलो. अठ्ठेचाळीस. कोरड्या अंधाऱ्या डब्यात सेल काळा राहणारच, म्हणाल्या. घरच्या कपाटातही राहिला असता.
तेवढ्यात चहा आला. आणणाऱ्याने कप नेमका उघड्या सेलशेजारी ठेवला. वाफ. काठाकडून पिवळा पडत आत सरकत गेला. मी कप बाजूला केला, पण मग उगीच वाटलं, कशाला.
बाहेर व्हरांड्यात मॅडम म्हणाल्या, “संघपाल, रिसोडमध्ये फिश टँकमध्ये केलेला सहा टक्क्यांचा सेल मी कोणालाही अभिमानाने दाखवला असता. सत्तावीस का सांगितले?”
मी डब्याचं झाकण घट्ट लावलं. गाडी कारंज्याला आली तरी उत्तर शोधतोच आहे.
मार्चपर्यंत मुदत मिळाली, शेवटची. खरे आकडे लिहून आणा म्हणाल्या.

त्याच दिवशी. वाशिम स्टँड, संध्याकाळ.
बाकावर बसलो होतो. मांडीवर डबा, डब्यात पिवळा सेल. साक्षीला काय सांगायचं याची जुळवाजुळव चालू होती. मी नको म्हणालो म्हणून तिने नकार लिहून दिला, टाचा झिजवत गाडीतच राहिली, आणि मी तिला काय आणून दिलं? हळदीच्या रंगाची काच. डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला लिहू, चांगलंच आलं.
तेवढ्यात भोंग्यातून आवाज: “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. रिसोडकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे.”
आवाज ओळखीचा. इतका ओळखीचा की आधी मला वाटलं, मी घरीच आहे आणि ती भाकरी थापते आहे.
चौकशीच्या खिडकीशी गेलो. आत साक्षी. नवी साडी, समोर माइक, हातात पेन. खुर्चीत बसलेली. मी विचारलं, तू इथे काय करतेस? ती म्हणाली, सहा तारखेपासून इथंच हाय. तुमाले सांगितलं तवा तुमी बरं म्हणले होते.
पत्र? पत्र होकाराचं होतं. त्यात काय लिहिलं आहे हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं. मला माहीत होतं.
रागवावं असं मनात आलं, पण राग येईना. उलट छातीवरचं ओझं गेलं. तिने माझ्यासाठी काहीही सोडलेलं नव्हतं, हे किती बरं झालं. मग लगेच वाईट वाटलं, कारण मी टिकेन यावर तिने भरवसा ठेवला नव्हता. मग वाटलं, तिचं बरोबरच होतं.
तिने विचारलं, काय झालं तिथं? मी म्हणालो, सहा टक्के. तिने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, “सहा तं सहा. जेवले काय?”
मागे एक म्हातारा शेगावच्या गाडीची वेळ विचारत होता, म्हणून मी बाजूला झालो. तिने त्याला वेळ सांगितली, न बघता, तोंडपाठ.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार.
धनराजशेठना गाठलं. म्हणालो, शेठजी, तुमचं मीटर चौदा दाखवत होतं, तक्त्याप्रमाणे खरे निघाले नऊ-दहा. माझा प्रबंध बुडाला.
ते जराही गडबडले नाहीत. गल्ल्याखालून दुसरं मीटर काढून पहिल्याशेजारी ठेवलं. दिसायला जुळे. म्हणाले, हे माल घेतानाचं, हे माल विकतानाचं. तुमी दाणे घेऊन आले, मी समजलो माल आणला, म्हणून घ्यायचं लावलं. विकतानाचं लावलं असतं तं आठच आलं असतं.
मी विचारलं, आणि खरा ओलावा कोणतं दाखवतं? शेठजींनी पहिल्यांदाच विचारात पडल्यासारखं केलं.
“सर, तुमाले खरा पाह्यजे होता तं आधी सांगाचं ना. इथं तसा कोणी मागत नाही.”
रागाने वर आलो. मग ट्रंकेतली तिकिटांची चळत दिसली आणि राग कुठे ठेवावा ते कळेना.

२६ ऑक्टोबर, रविवार.
साक्षीने वाशिमला दोन खोल्या बघितल्या आहेत, पहिल्या तारखेपासून. मी येणार का इथेच राहणार ते तिने मला सरळ विचारलं. मी म्हणालो, येतो. तिने विचारलं, ऐकून म्हणता की बरं म्हणता? मी म्हणालो, ऐकून. तिने माझ्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं, तारखेसकट.
तिथली मागची खोली तिने फिश टँकच्या मापाने मोजून घेतली होती. मला हे वाशिमच्या घरमालकाकडून कळलं, तिच्याकडून नाही. त्या खोलीच्या उंबऱ्यावर खडूची रेघ आधीच ओढलेली आहे.
धनराजशेठनी आमच्या इथल्या खोलीत सोयाबीन भरायला सुरुवात केली. रिसोडमधली सगळ्यात कोरडी खोली आहे, असं हमालाला सांगत होते.

१ नोव्हेंबर, शनिवार. वाशिम.
सामान आलं. मोईन टेम्पोत मागे टँक धरून बसला होता. उतरल्यावर त्याने बॅगेतून एक पितळी पत्रा काढला, त्याला मधोमध भोक. दिवाळीत सोनाराकडून पाडून घेतलं म्हणाला. मी त्याचे आभार मानले. ऑप्टिक्सबद्दल काही बोललो नाही.
मागच्या खोलीच्या भिंतीला ओल आहे. आधी निराश झालो. मग लक्षात आलं, दमट हवेच्या चाचणीला आता सोयाबीन लागणार नाही.
संकल्प: मार्च. खरे आकडे. सहा म्हणजे सहा. पाचला उठणे. दूध.

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळ.
उठलो ५.१०. होय.
साक्षी पहिल्या पाळीला गेली. मी पातेलं ठेवलं, गॅसचं बटण फिरवलं आणि समोर उभा राहिलो. चॅप्टर तीन डोक्यात आलं, हाकललं. मार्च आला, हाकलला. मॅडमचा प्रश्नही आला, त्यालाही सांगितलं, नंतर. फक्त दुधाकडे पाहत राहिलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पातेल्याचा काठ कोरडा. साय नाही, बुडबुडा नाही, काही नाही. इतका वेळ मी कधीच कशावर लक्ष ठेवून उभा राहिलो नव्हतो. नीट पाहिलं की सगळं ताब्यात राहतं, एवढंच होतं ते. सात वर्षं लागली.
स्टँडवर फोन केला. म्हणालो, साक्षी, ऐक, आज दूध उतू गेलं नाही.
मागे कुठल्या तरी गाडीचा हॉर्न वाजत होता. ती म्हणाली, “गॅस पेटला हाय काय, पाह्यजा बरं. काल मी सिलिंडर संपलं म्हणून सांगितलं होतं.”
खाली वाकून पाहिलं.
काल मी “बरं” म्हणालो होतो.